महिला बंदींचे आरोग्य आणि अभ्यागतांची देखरेख



कारागृहाच्या कचेरीत नोंदवह्यांना तोटा नसतो. गिनतीची वही, शिध्याची वही, औषधांची वही, मुलाखतींची वही, फाटकावरील आवक-जावक वही. आणि या सर्व वह्या आतील कर्मचाऱ्यांनीच भरावयाच्या असतात. एक वही मात्र त्यांना अपवाद आहे. ती म्हणजे अभ्यागत वही. तीत शेरा लिहिण्याचा अधिकार बाहेरून येणाऱ्या व्यक्तीचा असतो. महिला बंदींच्या आरोग्याचा व राहणीमानाचा प्रश्न बहुधा आहार, औषधे व इमारती यांच्या अंगाने मांडला जातो. तो तसा मांडणे गैर नाही. परंतु या एका वहीचे काय होते, हे पाहिल्यावाचून त्याचा उलगडा होत नाही.

हुबळी-धारवाडच्या नागरिकांना हा विषय परका नसावा. धारवाड जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. येथील कारागृहाचा कारभार मुंबईच्या नियमांनी चालत असे, आणि तरुण गुन्हेगारांसाठी मुंबई इलाख्याने काढलेली बोर्स्टल शाळाही धारवाडातच होती. राज्य पुनर्रचनेनंतर तेव्हाच्या म्हैसूर राज्याने १९६३ साली स्वतःचा कारागृह अधिनियम केला व १९७४ साली त्याखालील नियम तयार झाले. सीमेच्या अलीकडची व पलीकडची कायद्याची पुस्तके अशा रीतीने निराळी झाली, तरी दोहोंचे मूळ १८९४ च्या कारागृह अधिनियमातच आहे. स्त्रियांना वेगळ्या इमारतीत, अथवा एकाच इमारतीच्या वेगळ्या भागात, पुरुष बंदींच्या दृष्टीस पडणार नाहीत अशा रीतीने ठेवावे, असे त्या अधिनियमाने सांगितले. अभ्यागतांच्या नेमणुकीविषयी नियम करण्याचा अधिकारही त्यानेच सरकारला दिला. बाहेरच्या माणसाने आत येऊन पाहावे, ही कल्पना परदेशातून अलीकडे आलेली आहे असे काही अधिकारी मानतात. ती येथल्याच कायद्यात सव्वाशेहून अधिक वर्षे आहे.

२०२२ च्या अखेरीस देशातील कारागृहांत ५,७३,२२० बंदी होते व त्यांपैकी २३,७७२ स्त्रिया होत्या. हे प्रमाण शेकडा चारच्या आसपास पडते. महाराष्ट्रात येरवड्यास आणि मुंबईच्या भायखळ्यास स्त्रियांसाठी निराळी कारागृहे आहेत. पण देशभराचा विचार केला तर बहुसंख्य बंदी स्त्रिया मध्यवर्ती व जिल्हा कारागृहांच्या एखाद्या कोपऱ्यातील महिला विभागातच राहतात. कारागृह बांधले गेले ते पुरुषांसाठी, स्वयंपाकघर त्यांच्या संख्येवर बेतलेले, दवाखाना त्यांच्या बाजूला, आणि वैद्यकीय अधिकारीही बहुधा पुरुष. शंभरांतील चौघींची गरज अंदाजपत्रकाच्या शेवटच्या ओळीत यावी, यात कोणाचा दुष्टावा असतोच असे नाही. ती तेथे आली आहे हे सांगणारे मात्र कोणी तरी असावे लागते.

आरोग्याचेच उदाहरण घ्यावे. धारवाडात मानसिक आरोग्याची जुनी संस्था आहे. सुमारे वीस किलोमीटरवर हुबळीस १९५७ साली स्थापन झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व त्याचे मोठे रुग्णालय आहे. इतकी सोय फार थोड्या जिल्ह्यांत आढळेल. तरीही कारागृह कोठलेही असो, बराकीतील स्त्री व रुग्णालयातील डॉक्टर यांमधील खरे अंतर किलोमीटरांत मोजता येत नाही. सायंकाळची गिनती झाली की बराक बंद होते. रात्री एखादीला कळा सुरू झाल्या, तर प्रथम आतून हाका मारावयाच्या. पहाऱ्यावरील महिला रक्षकाने त्या ऐकावयाच्या. तिने निरोप पाठवावयाचा. किल्ली ज्या अधिकाऱ्याकडे असेल त्याला उठवावयाचे. पुरुष डॉक्टर असल्यास महिला कर्मचारी बरोबर घेतल्यावाचून त्याला महिला विभागात पाऊल टाकता येत नाही. दिवसाउजेडी रुग्णालयात न्यावयाचे म्हटले तरी पोलीस बंदोबस्त लागतो, व त्यात महिला पोलीस असावी लागते. त्या दिवशी न्यायालयाच्या तारखा जास्त असल्या, कोठे सभा वा मिरवणूक असली, की बंदोबस्त तिकडे जातो आणि रुग्णालयाची तारीख चुकते. तारीख चुकली म्हणून कोणावर ठपका येत नाही, कारण प्रत्येकाने आपापल्या परीने नियमच पाळलेला असतो. मासिक पाळीचे कापड, बाळंतिणीचा आहार, लहान मुलाचे दूध, रात्रीच्या वेळी बराकीतील एकाच संडासापुढे लागणारी रांग, या गोष्टी तर पुरुष अधिकाऱ्यापुढे बोलण्याचीच अनेकींना चोरी वाटते.

१८९४ च्या कायद्याने याचा काही विचार केला होता. जो बंदी आजारी वाटेल अथवा डॉक्टरांना भेटू इच्छील, त्याचे नाव विनाविलंब कळवावे, आणि डॉक्टरांनी दिलेली सूचना बंदीच्या तिकिटावर नोंदवून ती अमलात आली की नाही हेही लिहावे, अशी त्यात तरतूद होती. बंदीचे तिकीट म्हणजे त्याच्या कारावासाची दैनंदिनीच. तरतूद उत्तम, पण तिकीट लिहिणारा आतला आणि वाचणाराही आतलाच.

कर्नाटकाच्या स्मरणात या बाबतीतील एक दुःखद उदाहरण आहे. १९७० च्या ‘संस्कार’ या कन्नड चित्रपटातील अभिनेत्री स्नेहलता रेड्डी यांना आणीबाणीच्या काळात, २ मे १९७६ रोजी, बडोदा डायनामाइट प्रकरणाच्या संदर्भात अटक झाली व त्यांना बंगळूरच्या मध्यवर्ती कारागृहात ठेवण्यात आले. त्यांना दम्याचा जुना विकार होता. त्या प्रकरणाच्या अंतिम आरोपपत्रात त्यांचे नाव आले नाही. तरीही स्थानबद्धता चालूच राहिली. त्याच कारागृहात त्या वेळी मधू दंडवते होते, आणि रात्रीच्या शांततेत स्नेहलताबाईंच्या कोठडीतून येणाऱ्या किंकाळ्यांची आठवण त्यांनी पुढे नमूद करून ठेवली आहे. १५ जानेवारी १९७७ रोजी प्रकृती फार खालावल्यावर त्यांना पॅरोलवर सोडले व २० जानेवारीस त्यांचे निधन झाले. त्यांनी लिहिलेली कारागृहातील दैनंदिनी त्याच वर्षी प्रसिद्ध झाली. स्नेहलताबाई सुशिक्षित होत्या, इंग्रजीत लिहीत होत्या, बाहेर त्यांचे कुटुंब व नामवंत मित्र धडपडत होते. एवढे असूनही त्यांचा श्वास कोंडतो आहे ही गोष्ट भिंतीबाहेर परिणामकारकपणे पोचण्यास आठ महिने लागले. ज्या स्त्रीला अर्ज लिहिता येत नाही, जिच्या मुलाखतीला वर्षभर कोणी फिरकत नाही, तिच्याविषयी काय समजावे?

या प्रश्नाला मुंबईत १९८२ साली एक उत्तर मिळाले. पत्रकार शीला बर्से यांनी त्या वर्षी मे महिन्यात रीतसर परवानगी घेऊन मुंबई मध्यवर्ती कारागृहातील पंधरा बंदी स्त्रियांची भेट घेतली. त्यांपैकी पाच जणींनी पोलीस कोठडीत आपणांस मारहाण झाल्याचे सांगितले. बर्से यांनी ही हकीकत सर्वोच्च न्यायालयास पत्राने कळविली आणि न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानले. यानंतर न्यायालयाने योजलेला उपाय ध्यानात घेण्यासारखा आहे. शासनाचे प्रतिज्ञापत्र मागविलेच. परंतु त्यावर विसंबून न राहता मुंबईच्या निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिका डॉ. ए. आर. देसाई यांना कारागृहात जाऊन, कोणीही उपस्थित नसताना, बंदी स्त्रियांशी बोलावे व अहवाल द्यावा असे सांगितले. अहवालासाठी मुदतही घालून दिली. समाजकार्य शिकविणारी एक स्त्री, एकांतातील भेट आणि ठरलेली तारीख. यांखेरीज त्या व्यवस्थेत दुसरे काही नव्हते.

त्या अहवालातून निघाले ते मारहाणीपुरतेच नव्हते. अनेकींना वकील नव्हता, असल्यास त्याचा पत्ता नव्हता. दोन परदेशी स्त्रियांना तर त्यांच्या वकिलानेच फसवून फीच्या नावाखाली त्यांच्या दागिन्यांचा मोठा भाग बळकावला होता. मारहाणीची चौकशी करावयास गेलेल्या व्यक्तीस दागिन्यांची हकीकत कळते, याचे कारण उघड आहे. ठरावीक प्रश्न विचारून निघून जाणाऱ्यापेक्षा बसून ऐकणाऱ्यास अधिक सांगितले जाते. १५ फेब्रुवारी १९८३ च्या निकालपत्रात न्यायमूर्ती भगवती यांनी जे आदेश दिले, त्यांत स्त्रियांसाठी निराळ्या पोलीस कोठड्या व त्यांवर महिला शिपायांचा पहारा हा एक होता. विधी साहाय्य समितीच्या वकिलांनी कारागृहास नियमित भेट द्यावी, आणि ती भेट अधिकाऱ्याच्या दृष्टिपथात पण कानाआड व्हावी, असा दुसरा होता. सत्र न्यायाधीशांपैकी एकाने, शक्यतो महिला न्यायाधीशाने, शहरातील कोठड्यांना पूर्वसूचना न देता भेटी द्याव्यात, असेही त्यात होते. दृष्टीस पडावे पण ऐकू जाऊ नये, हे तत्त्व कारागृहातील देखरेखीचा गाभा म्हणता येईल. सुरक्षितता राखणे हे अधिकाऱ्याचे काम आहे. ऐकणे हे त्या वेळी त्याचे काम नव्हे.

वृत्तपत्रांनी उघडलेले दार मात्र कायमचे नसते. बर्से यांच्या पुढील एका प्रकरणात, मुलाखतींची परवानगी काढून घेण्यात आल्यावर, सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली वृत्तपत्रांचा हा अधिकार मान्य करूनही त्यास नियमांची मर्यादा घातली. ते एका दृष्टीने योग्यही आहे, कारण बंदीचीही काही खाजगी बाजू असते. परवानगीवर आलेला माणूस परवानगी संपताच बाहेर राहतो. अभ्यागताचे तसे नाही. तो कायद्याने येतो.

मग कायद्याने येणारा माणूस वेळेवर का पोचत नाही? २०१७ साली भायखळा महिला कारागृहात जे घडले त्यावरून हा प्रश्न टाळता येण्यासारखा राहिला नाही. २३ जून २०१७ रोजी शिध्यातील दोन अंडी व पाच पाव कमी भरल्याच्या कारणावरून एका सिद्धदोष स्त्रीस बेदम मारहाण झाल्याचा आरोप झाला. त्याच रात्री तिचा जे. जे. रुग्णालयात मृत्यू झाला. ती स्वतः बराकीची वॉर्डर म्हणून काम पाहत होती. दुसऱ्या दिवशी बंदी स्त्रियांनी कारागृहात निदर्शने केली, काही जणी छतावर चढल्या, आणि मुंबईला बातमी कळली ती तेव्हा. पुढे सहा महिला कर्मचाऱ्यांना अटक झाली व प्रकरण न्यायालयात गेले. त्याच कारागृहातील ऐंशीच्या आसपास स्त्रियांना महिनाभराच्या आतच पोटाच्या विकाराने रुग्णालयात हलवावे लागले. आरोपांचा निवाडा न्यायालयाने करावयाचा. पण मुंबईसारख्या शहरात, जेथे न्यायाधीश, वैद्यकीय महाविद्यालये व स्त्रियांच्या नामांकित संस्था थोड्या अंतरावर आहेत, तेथे आपले म्हणणे कळविण्यासाठी बंदी स्त्रियांना छतावर चढावे लागले, ही गोष्ट देखरेखीच्या व्यवस्थेवरच बोट ठेवते. अंडी-पाव मोजण्यावरून तंटा होतो तेथे तो एका दिवसात उपजत नाही. शिध्याच्या तक्रारी, वॉर्डरच्या जागेवरील ताण, कर्मचाऱ्यांची भाषा, हे सारे आधी महिनोन् महिने बराकीत बोलले जात असते.

बंदींच्या मुलांविषयी सर्वोच्च न्यायालयाने १३ एप्रिल २००६ रोजी आर. डी. उपाध्याय प्रकरणात सविस्तर निर्देश दिले. मूल सहा वर्षांचे होईपर्यंत आईजवळ राहू शकते. त्याचा आहार, लसीकरण, पाळणाघर यांची सोय हवी. आणि कारागृहात जन्म झाल्यास जन्मनोंदीत कारागृहाचा उल्लेख शक्यतो टाळून केवळ त्या भागाचे नाव लिहावे. निर्देश पाळले जातात की नाही हे राज्य विधी सेवा प्राधिकरणांनी वेळोवेळी तपासावे, असेही त्याच निकालात आहे. देशातील १,३८२ कारागृहांच्या स्थितीविषयीच्या प्रकरणात १५ सप्टेंबर २०१७ रोजी निकाल देताना न्यायालयाने राज्यांना अभ्यागत मंडळे स्थापण्यास सांगितले. कारागृहांतील वैद्यकीय सोयी किमान पातळीसही उतरत नसल्याचे दाखविणाऱ्या ज्या पाहण्यांचा त्यात उल्लेख झाला, त्यांत कर्नाटकातील पाहणीही होती. संयुक्त राष्ट्रांनी २०१० साली स्वीकारलेल्या, बँकॉक नियम म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नियमावलीत महिला कारागृहांची देखरेख करणाऱ्या मंडळांत स्त्री सदस्य असल्याच पाहिजेत असे म्हटले आहे. नियमांची वाण आहे असे कोणीच म्हणणार नाही.

कारागृह खात्यातील अनुभवी अधिकारी यावर एक आक्षेप घेतात आणि तो उडवून लावण्याजोगा नाही. महिला विभागात कर्मचारी अपुरे, रजा मिळत नाही, बंदोबस्त मागून येत नाही, इमारतीची दुरुस्ती बांधकाम खात्याच्या हाती; आणि बाहेरचा मनुष्य तासभर येऊन दोष मात्र अधीक्षकावर लिहून जातो, अशी त्यांची तक्रार असते. तक्रार खरी आहे. परंतु स्वतंत्र अहवालाचा सर्वांत मोठा उपयोग कित्येकदा त्या अधीक्षकालाच होतो. इंग्लंडमध्ये डिसेंबर १९९५ मध्ये मुख्य कारागृह निरीक्षक डेव्हिड रॅम्सबॉथम लंडनच्या हॉलोवे महिला कारागृहाची तपासणी करावयास गेले आणि तेथील घाण व दुरवस्था पाहून तपासणी अर्धवट टाकून बाहेर पडले. ते कारागृह खात्याचे नोकर नव्हते, म्हणूनच त्यांना तसे करता आले. अधीक्षकाची शंभर पत्रे जे करू शकली नसती ते त्या एका निघून जाण्याने झाले. देशाचे लक्ष हॉलोवेकडे वळले.

अभ्यागतांचेही दोष आहेत. नेमणुका राजकीय ओळखीने होतात, वर्षानुवर्षे जागा रिकाम्या राहतात, आणि भेट बहुधा राखीपौर्णिमेस वा स्वातंत्र्यदिनी मिठाईच्या पेटीबरोबर घडते. भेटीची सूचना आधी गेलेली असते. वरिष्ठ कोणी येणार ही वार्ता बंदींना चुन्याच्या वासावरूनच कळते, असे कारागृहात म्हटले जाते! वहीत ‘व्यवस्था समाधानकारक’ असा शेरा पडतो. कित्येक राज्यांच्या कारागृह नियमपुस्तिकांत जातीवरून कामे वाटून देणारी कलमे छापलेली होती, ती अशा किती समाधानकारक शेऱ्यांखाली टिकून राहिली असतील? ती रद्द ठरली ती सुकन्या शांता या पत्रकार स्त्रीच्या याचिकेवर, ३ ऑक्टोबर २०२४ रोजी. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण व अभ्यागत मंडळ यांनी संयुक्तपणे नियमित तपासणी करावी, असा आदेश त्या निकालातही आहे. १९८३ साली एका पत्रकार स्त्रीने जे करावे लागले, ते एकेचाळीस वर्षांनी दुसरीला करावे लागले.

धारवाडला २००८ पासून उच्च न्यायालयाचे खंडपीठ बसते, व २०१३ पासून ते कायम झाले आहे. येथे महाविद्यालये, विधी शिक्षणाच्या संस्था व स्त्री डॉक्टरांची वाण नाही. अशा ठिकाणी अभ्यागत म्हणून ज्या स्त्रिया जातील, त्यांनी काय पाहावे? बराकीची स्वच्छता डोळ्यांना दिसतेच. तिच्यात फार वेळ घालवू नये. तीन कागद एकत्र मागवावेत: बंदीचे तिकीट, बंदोबस्ताच्या मागणीची नोंद आणि रुग्णालयाचा केसपेपर. डॉक्टरांनी रुग्णालयात पाठवा असे लिहिले तो दिवस, बंदोबस्त मागितला तो दिवस, आणि ती स्त्री प्रत्यक्ष तपासली गेली तो दिवस, या तीन तारखा शेजारी शेजारी मांडल्या की दोष कोठे आहे हे अधीक्षकालाही पटते आणि पोलीस खात्यालाही नाकारता येत नाही. गिनतीनंतरची एखादी भेट वर्षातून एकदा तरी व्हावी. बराकीतून हाक मारल्यावर किती वेळाने कोण येते, हे दिवसा कळत नाही. बंदी स्त्रीशी बोलावयाचे ते मेट्रन कानाआड असताना, तिच्या भाषेत. धारवाडसारख्या जिल्ह्यात कन्नडबरोबर मराठी व उर्दू जाणणारी सदस्य असणे ही चैन नव्हे. आणि बोलणारीला त्यानंतर त्रास झाला काय, हे पाहण्यासाठी पंधरा दिवसांत पुन्हा जावे.

राहता राहिला वहीचा प्रश्न. रूढ पद्धतीत अभ्यागताचा शेरा अधीक्षकाच्या अभिप्रायासह वरिष्ठांकडे जातो. अभिप्राय जोडण्यास हरकत नसावी. पण शेऱ्याची एक प्रत त्याच दिवशी थेट जिल्हा न्यायाधीशांकडे गेली पाहिजे, आणि खात्याचे उत्तर ठरावीक मुदतीत त्याच वहीत, त्याच शेऱ्याखाली उतरविले गेले पाहिजे. त्यानंतर येणाऱ्या अभ्यागताने बराकीकडे वळण्यापूर्वी मागील शेरा वाचावा, त्यात जिच्या आजाराचा उल्लेख आहे ती स्त्री अद्याप कारागृहात आहे काय हे पटावर पाहावे, आणि असल्यास प्रथम तिलाच भेटावे.